एकाच घराण्यात दोनदा गेलेला आवाज

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' आणि पनवेल स्टेशनवरून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे काढून टाकलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय आवाज. बसलेला, फुटलेला, गेलेला आणि कधीकधी परत आलेला. या विषयावरचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये असतातच: मध-आलं घ्या, गुळण्या करा, सात दिवसांत आवाज सुरेल. त्या वाटेला आपण जाणार नाही. महाराष्ट्रात गाण्याचं एक घराणं आहे, जयपूर-अत्रौली. त्याच्या मूळ पुरुषाचा आवाज ऐन उमेदीत गेला. पुढे सत्तर एक वर्षांनी त्याच घराण्यातल्या तिसऱ्या पिढीच्या एका तरुण गायिकेचाही आवाज गेला. दोघेही परत गायले. या दोन गोष्टींच्या मधल्या काळात घशाबद्दलचं माणसाचं ज्ञान कुठून कुठे गेलं, ते बघायचंय.

उस्ताद अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५चा, राजस्थानातल्या उनियारा इथला. हे साल लक्षात ठेवा, पुन्हा लागेल. खानदानी गवयाचं घर आणि कोवळ्या वयापासून तालीम. तरुणपणी ते एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात गात हिंडले. असं हिंडताना आमलेटा नावाच्या एका छोट्या संस्थानात मुक्काम पडला. तिथल्या राजाला गाण्याचं वेड होतं. खाँसाहेबांना रोज तासन्‌तास गावं लागलं, तेही कितीतरी दिवस सलग. आणि आवाज गेला. नुसता बसला असं नाही, बराच काळ गाता येईनासं झालं. पुढे तो परत आला, पण पहिला गोडवा आणि लवचीकपणा त्यात राहिला नव्हता असं सांगतात.

'सांगतात' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. खाँसाहेब १९४६पर्यंत जगले, ग्रामोफोनचा सगळा भरभराटीचा काळ त्यांनी पाहिला, पण ते स्वतः रेकॉर्ड काढायला तयार झाले नाहीत. त्यामुळे आवाज जाण्याआधी कसा होता आणि नंतर कसा झाला, हे आपण कानाने ताडून बघू शकत नाही. आपल्यापाशी आहेत त्या आठवणी आणि शिष्यांचं गाणं.

आता थोडं गणित करू, कारण 'फार गायल्याने आवाज गेला' हे वाक्य आपण सहज बोलून टाकतो. घशात, जिथे पुरुषांचा कंठमणी दिसतो त्याच्या आत, दोन स्वरपट्ट्या असतात. लांबी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, फार तर त्याहून थोडी जास्त. श्वास बाहेर येताना त्या एकमेकींवर आपटतात आणि उघडतात. पुरुष मध्यम पट्टीत गात असेल तर सेकंदाला दीडशे वेळा धरा. सलग तासभर सूर लावला तर ही संख्या पाच लाख चाळीस हजार होते. गाताना श्वास घ्यायला, तबला ऐकायला थांबतो म्हणून निम्मी धरा. तरी आठ तासांत एकवीस लाखांच्या वर टाळ्या होतात. तळहातांनी एवढ्या टाळ्या वाजवून बघा म्हणजे कळेल. आणि हे साध्या मध्य सप्तकाचं झालं. तार षड्‌जावर आकडा दुप्पट होतो, आपटण्याचा जोरही वाढतो.

अशा माराने स्वरपट्ट्यांना सूज येते. पट्ट्या जिथे सगळ्यात जोरात भिडतात, म्हणजे साधारण मध्यावर, तिथे हळूहळू घट्टे पडतात, जसे कुदळ चालवणाऱ्याच्या हाताला पडतात. कधी आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि आवाज एका क्षणात जातो. आज एखादा गवई अशी तक्रार घेऊन आला, तर डॉक्टर पहिल्यांदा आत बघतील. खाँसाहेबांच्या तरुणपणी त्यांच्या आसपास हे 'आत बघणं' कोणाकडेच नव्हतं.

तसं तंत्र मात्र निघालं होतं, आणि ते डॉक्टरने काढलेलं नव्हतं. काढलं एका गाण्याच्या मास्तरांनी. मॅन्युएल गार्सिया हे त्यांचं नाव, मूळचे स्पॅनिश. वडिलांच्या ऑपेरा कंपनीत तरुणपणीच गाऊन त्यांचा आवाज बिघडला, मग स्टेज सोडून ते शिकवायला लागले. आवाज नेमका कुठे आणि कसा तयार होतो, हे जिवंत माणसात बघायचं, हा एकच ध्यास. १८५४ साली पॅरिसमध्ये फिरताना खिडकीच्या काचेवर सूर्य चमकताना दिसला आणि त्यांना कल्पना सुचली. दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात मागे धरायचा, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडायचं. अशा प्रकारे स्वतःच्या स्वरपट्ट्या गाताना कशा हलतात, ते त्यांनी स्वतः पाहिलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. साल १८५५. उनियाऱ्यात अल्लादिया खाँ जन्मले तेच साल.

दोन-तीन वर्षांत व्हिएन्नाच्या टुर्क आणि बुडापेस्टच्या चेर्माक या डॉक्टरांनी तो आरसा दवाखान्यात आणला. गार्सिया १९०६पर्यंत, वयाच्या एकशे एकाव्या वर्षापर्यंत जगले. मला या गोष्टीत मौज अशी वाटते, की आवाज बिघडलेल्या एका गवयाने आरसा शोधला आणि आवाज बिघडलेल्या दुसऱ्या गवयाने गायकी घडवली. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

आपल्याकडे उपाय नव्हते असं नाही. आवाज बिघडण्याला आयुर्वेदात 'स्वरभेद' हे स्वतंत्र नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्यावर अख्खा अध्याय आहे, त्यात सहा प्रकार सांगितलेत. कारणांच्या यादीत सुरुवातीलाच काय आहे माहितीये? फार मोठ्याने बोलणं. आणि त्याच यादीत अध्ययन, म्हणजे घोकंपट्टी करत मोठ्याने पाठ म्हणणं. आजच्या भाषेत शिक्षक, विद्यार्थी आणि पुढारी. ज्येष्ठमध, खडीसाखर, कंकोळ ही गवयांच्या डबीतली मंडळी याच परंपरेतून आली. आमच्या पनवेलला तर १८७२ सालापासून आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी काढलेला धूतपापेश्वर. तेव्हा काढे-गुट्यांची या गावाला काही नवलाई नाही. पण ज्येष्ठमधाची कांडी चघळल्यावर बरं वाटतं ते घशाच्या वरच्या भागाला. गिळलेली गोष्ट स्वरपट्ट्यांवरून जातच नाही, अन्ननलिकेतून खाली जाते. पट्ट्यांवरून काही गेलंच तर ठसका लागतो. म्हणून गोळी चघळून 'आराम पडला' आणि पुन्हा तीन तास ओरडलो, हा हिशेब चुकतो.

खाँसाहेबांकडे परत येऊ. साधारण १८९५च्या सुमारास ते कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, तिथेच होते. मग मुंबईला. त्यांनी जे गाणं शिकवलं ते कसं आहे? खुला आकार. मध्यलयीत, तालाच्या अंगाने सतत पुढे सरकत राहणारी फिरत. एका श्वासात गुंफलेल्या, वळसे घेत जाणाऱ्या ताना. दोन-दोन राग एकमेकांत विणलेले जोडराग. अभ्यासक म्हणतात, आवाजाने साथ सोडली म्हणून खाँसाहेबांनी गाण्याची मांडणीच नवी केली. जे गळ्याला आता झेपत नव्हतं ते सोडलं आणि बुद्धीला झेपत होतं ते वाढवलं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फार आवडते. आमच्याकडे त्याला 'बगचं फीचर केलं' म्हणतात. पण मला ती पूर्ण पटत नाही. एक तर ही गायकी गायला भयंकर कठीण आहे. अशक्त गळ्याची सोय म्हणून कोणी असलं काही बांधणार नाही. दुसरं म्हणजे, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या. १९२१ साली त्यांनी खाँसाहेबांचा गंडा बांधला. त्यांचा आवाज कसा होता? भरदार, खडा, मायक्रोफोनची पर्वा नसलेला. त्याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. म्हणजे गुरूच्या दुखावलेल्या गळ्यातून निघालेली रीत शिष्येच्या धडधाकट गळ्यात गेली आणि तिथे ती आणखी फुलली. आवाज जाणं हे एक कारण असेल. पण हा माणूस आवाज न जाताही काहीतरी वेगळं करूनच गेला असता, असा माझा अंदाज.

आणि असल्या गोष्टींची एक दुसरी बाजू असते, ती कोणी सांगत नाही. ज्यांचा आवाज गेला आणि परत आला नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

संगीत नाटकांचा काळ डोळ्यांसमोर आणा. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं, एकेका पदाला वन्स मोअर वर वन्स मोअर. माइक नाही. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून पट्टी वरची. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र 'संयुक्त मानापमान' केलं, त्याच्या आठवणी आजही निघतात. पण प्रत्येक कंपनीत बायकांची कामं करणारी आणि गाणारी लहान पोरं असायची, त्यांच्या आठवणी कोण काढणार? तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलग्याचा कंठ वाढतो, स्वरपट्ट्या लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. यालाच आपण आवाज फुटणं म्हणतो. कंपनीच्या मालकाच्या दृष्टीने तो दिवस म्हणजे मुलगा निकामी झाला.

भास्करबुवा बखले हे असंच पोर होतं. किर्लोस्कर मंडळीत गोड गाणारा मुलगा म्हणून घेतलेलं. आवाज फुटला आणि तिथली किंमत संपली. तो कंपनी सोडून गाणं शिकायला बाहेर पडला. बडोद्याला फैज महंमद खाँ, मग नत्थन खाँ आणि शेवटी, हो, अल्लादिया खाँ. पुण्यात १९११ साली भारत गायन समाजाची स्थापना करणारे बुवा ते हेच. बालगंधर्वांचे गुरू, 'स्वयंवर' नाटकाच्या चाली देणारे. त्यांचं भलं झालं. पण अशी किती पोरं वाटेत गळून गेली असतील.

तुमच्यापैकी कोणाच्या वर्गात असा मुलगा होता का, ज्याचा आवाज दहावी-बारावीतही बारीकच राहिला? आणि ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली? बहुतेक वेळा त्याच्या कंठात काहीही बिघाड नसतो. नवा, मोठा कंठ जुन्याच सवयीने वापरला जात असतो, एवढंच. स्पीच थेरपिस्टकडे थोड्या बैठकांत यातली बरीच मुलं खालच्या आवाजात बोलायला लागतात. ही माहिती त्या वर्गात कोणाला असती, तर त्या मुलाची शाळेतली वर्षं वेगळी गेली असती.

आता दुसरा गेलेला आवाज. खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांची मुलगी किशोरी आमोणकर. किशोरीताईंचा जन्म १९३२चा. पंचविशीच्या आसपास, गाण्यात नाव व्हायला लागलेलं असताना, त्यांचा आवाज गेला. सुमारे दोन वर्षं. पुण्याच्या सरदेशमुख महाराजांनी आयुर्वेदिक उपचारांनी आपल्याला बरं केलं, असं त्या पुढे सांगत असत. त्या काळात त्या मनातल्या मनात गात राहिल्या. बाहेर आवाज निघत नाही म्हटल्यावर सूर म्हणजे नेमकं काय, याचा विचार सुरू झाला. त्या परत गायला लागल्यावर जे गाणं आलं ते आईचं हुबेहूब नव्हतं. संथ, सुराला बिलगून राहणारी आलापी आली. जुन्या जाणकारांनी नाकं मुरडली, तरुण श्रोत्यांनी डोक्यावर घेतलं. २०१७ साली त्या गेल्या.

यात औषधाचा वाटा किती आणि दोन वर्षांच्या मौनाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. एकाच माणसावर ए-बी टेस्ट होत नसते. पण एक फरक नक्की आहे. खाँसाहेबांना राजाच्या बैठकीत 'आज नको' म्हणायची सोय नव्हती. किशोरीताईंना थांबता आलं. घरात गुरू होती आणि ती आई होती.

थांबायला लागलेल्यांत कुमार गंधर्वांचं नाव राहून चालणार नाही, जरी त्यांचं दुखणं कंठाचं नव्हतं. त्यांना क्षय झाला, फुफ्फुसं गेली. १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला गेले. डॉक्टरांनी गायचं नाही असं बजावलं. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत सापडून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. ते मिळालं म्हणून जीव वाचला. १९५३मध्ये ते परत मैफलीत आले, ते एका निकामी फुफ्फुसासकट. छोटे छोटे तुकडे, मध्येच सूर सोडून देणं, त्या शांततेलाही गाण्यात जागा देणं. हे श्वास कमी पडत होता म्हणून, की अंथरुणावर पडून ऐकलेल्या माळव्यातल्या लोकगीतांमुळे? वाद चालू आहे आणि चालू राहू दे.

त्यांचे गुरू प्रा. बी. आर. देवधर. या माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो. १९२५ साली मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक काढलं, पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं आणि आवाज कसा कमवावा, कसा राखावा यावर मराठीत 'आवाज साधना शास्त्र' लिहिलं. 'गुरूने सांगितलं तसं घासत राहा' यापलीकडे जाऊन गळ्याची रचना समजून घ्या, असं म्हणणारं हे आपल्याकडचं आद्य माणूस. पुढे डॉ. अशोक रानडे यांनी हेच काम नटांसाठी केलं. गाण्याचा आवाज आणि भाषणाचा आवाज या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी रंगभूमीवरच्या मुलांना शिकवलं.

आणि मग हा विषय दवाखान्यात पोचला. १९६६ साली मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये श्रवण आणि वाचा उपचारांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. तोतरेपणा, बहिरेपणामुळे अडलेलं बोलणं, लकव्यानंतर गेलेली भाषा, बसलेला आवाज, या सगळ्यांसाठी शिकलेली माणसं तयार व्हायला लागली.

यातलं माझं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे स्ट्रोबोस्कोप. सेकंदाला दोनशे वेळा हलणारी गोष्ट डोळ्यांना दिसणार कशी? गार्सियाच्या आरशात ती नुसती धूसर दिसायची. तर दिवा सेकंदाला १९८ वेळा लुकलुकवायचा. प्रत्येक वेळी पट्टी आधीच्या जागेपेक्षा किंचित पुढे सापडते आणि डॉक्टरला ती सेकंदाला फक्त दोनदा, सावकाश उघडमिट करताना दिसते. सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच प्रकार. इंजिनिअरिंगला सॅम्पलिंग शिकवताना ज्या गोष्टीला चूक म्हणतात, तिच्यावर हे अख्खं यंत्र उभं आहे. आणि त्यातून पट्टीवरचा घट्टा, गाठ, न हलणारा भाग, सगळं कळतं.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. दिवसभर कॉलवर असणारे, क्लास घेणारे, गोविंदा पथकात आणि ढोल-ताशा पथकात बेंबीच्या देठापासून ओरडणारे, रात्री गेम खेळताना मित्रांवर किंचाळणारे, सगळ्यांसाठी. आवाज बसला की कुजबुजू नका; जोर लावून कुजबुजण्याने ताण कमी होत नाही. गप्प बसा किंवा हळू, साध्या आवाजात बोला. सारखं खाकरून घसा साफ करणं म्हणजे पट्ट्या एकमेकींवर आपटणं. पाणी प्या, वाफ घ्या. शिक्षक असाल तर छोटा माइक लावायला लाजू नका. तंबाखू, सिगारेटबद्दल वेगळं सांगायला नको. आणि घोगरेपणा तीन-चार आठवड्यांच्या वर टिकला, तर चघळायच्या गोळ्या बदलत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आतून तपासून घ्या. बहुतेकदा साधंच काहीतरी निघतं. पण स्वरयंत्राचा कॅन्सर सुरुवातीला याच घोगरेपणाने कळतो, आणि तेव्हा पकडला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते.

एक गोष्ट करून बघा. केसरबाईंची जुनी, तीन-साडेतीन मिनिटांची कुठलीही रेकॉर्ड लावा आणि लगेच नंतर किशोरीताईंची एखादी मोठी आलापी. घराणं एकच, मूळ गुरू एकच. कोण श्वास कुठे घेतं आणि सूर कसा सोडतं, एवढंच ऐका. काय ऐकू आलं ते व्हॉइस नोटवर पाठवा. घसा बसला असेल तर मात्र टाइप करून.